बटणाएवढी कूर्चा

माझ्या दादाचा डावा कान आमच्याच चुलतभावाने कोयत्याने उडवला. पेणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात खारं पाणी भातात घुसलं होतं. बांधाच्या उघाडीचं, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीचं, दार कुणी उघडं टाकलं, यावरून दोघांची जुंपली. आधी दादाने त्याच्या तोंडावर फावड्याचा दांडा हाणला. घरात हे कुणी बोलत नाही, पण मी तिथेच होते. कान चिखलात पडला. आईने तो पदरात गुंडाळून पेणला नेला. डॉक्टर म्हणाले, हा आता जोडता येणार नाही.

मी रोह्याला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. आमचं यंत्र जिवंत पेशी कालवलेलं जेल सुईतून थरावर थर सोडतं. त्याची कूर्चा होते, म्हणजे कानानाकात असतं ते मऊ हाड. सांधेदुखीची औषधं त्यावर तपासतात. हे मी घरी कौतुकाने सांगून बसले होते.

टाके निघाल्यावर दादा थेट गेटवर आला. साहेबांना विचारून मी त्याला आत नेलं. काचेच्या बशीत, गुलाबी पाण्यात, बटणाएवढा धुरकट तुकडा होता.

"जिता हाय हा?"

"व्हय."

"मग माझा कान कर."

"नाय होत रे दादा. माणसाला लावण्याजोगं नाय हे अजून. दाबलं तर फुटतं."

"गोळ्या तपासायला होतं, माझ्यासाठी नाय होत?"

त्याने बशी भिंतीवर आपटली. मी हात धरला, तर मला ढकललं. टेबलाच्या कडेवर माझं कपाळ फुटलं. रक्त बघून तो थिजला. मग खाली बसून काचांतून जेल नखांनी गोळा करू लागला.

"मेलं का गो?"

"मेलं."

"तो जामिनावर सुटलाय. त्यालापण असाच मारणार. कोयता गाडीच्या डिकीत हाय."

मी त्याला खाली नेलं, डिकी उघडायला लावली आणि कोयता घेऊन पोलिसांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. फावड्याचा दांडासुद्धा.

त्यानंतर घरात माझ्याशी कुणी बोलेना. पुढे मुंबईत दादाच्या बरगडीची कूर्चा काढून कान घडवला, तेव्हा रजा टाकून मीच त्याच्याजवळ राहिले. दोन दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "कानाचं काय नाय गो. बरगडी लय दुखते."

मी नर्सला बोलवायला उठले.