अण्णांचा ऊस आणि माझं वाक्य

“ती ना? ती एकदम बेस्ट. फ्रेममध्ये असते, पण दिसत नाही.”

व्हॅनिटी व्हॅनच्या मागे उभी राहून मी हे ऐकलं. बोलणारा सोहम, आमच्या मालिकेचा असिस्टंट डिरेक्टर. गर्दीच्या सीनसाठी कुणाकुणाला बोलवायचं ते तो कुणाला तरी सांगत होता आणि हे माझं कौतुक होतं. मला बरं वाटलं. माझ्या अभिनयाबद्दल कुणीतरी पहिल्यांदाच काहीतरी बोललं होतं.

साताऱ्याच्या आसपास मालिकांची शूटिंगं चालतात, म्हणून सांगलीची मी साताऱ्यात खोली घेऊन राहते. आतापर्यंत मी हळदीकुंकवाला आलेली बाई, बाजारात वांगी निवडणारी बाई आणि लग्नात अक्षता टाकून लगेच खांबाआड जाणारी बाई अशा भूमिका केल्या आहेत. (खांबाआड जाणं ही माझी स्वतःची कल्पना. ती कुणाच्या लक्षात आली नाही.) पोटासाठी एका क्लासमध्ये ‘न घाबरता इंग्रजी बोला’ हा कोर्स शिकवते. शक्यतो फळ्यावर लिहून शिकवते. मध्यंतरी एका दातांच्या दवाखान्याबाहेर दाढेचा पोशाख घालून पत्रकंही वाटली. ते काम मला फार आवडलं होतं. दाढेशी कुणी गप्पा मारायला येत नाही.

बोलायचं मला पहिल्यापासून जड जातं. आमच्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की मिस रागवायच्या आणि इंग्रजी बोललं की मुली हसायच्या. मी मधला मार्ग काढला. कुणी काहीही विचारलं की “हं” म्हणायचं. हे दोन्ही भाषांत चालतं. आई रोज विचारायची, “आज शाळेत काही बोललीस का?” आता बाबा दर रविवारी साताऱ्याला फोन करून तेच विचारतात, “या आठवड्यात काही बोललीस का?”

मग नटी कशाला व्हायचं? कारण दुसऱ्याने लिहून दिलेलं वाक्य म्हणायला मला कधीच भीती वाटली नाही. भीती वाटते ती स्वतःची वाक्यं तयार करण्याची. पण हे बाबांना समजावून सांगायलाही वाक्यं लागतात. त्यांनी आपलं ठरवून टाकलं, “पाडव्यापर्यंत टीव्हीवर एक तरी वाक्य बोल. नाहीतर बी.एड.”

पाडवा जवळ येत चालला होता.

अशात एके सकाळी सेटवर धावपळ उडाली. नायिकेने गुंडांपासून पळत उसात लपायचं, असा सीन होता. त्यासाठी कराडजवळ ठरवलेलं रान ऐनवेळी हातचं गेलं. त्या शेतकऱ्याची तोड आली, म्हणजे कारखान्याची टोळी येऊन ऊस कापून घेऊन गेली.

“आता उभा ऊस आणू कुठून मी?” सोहम केस ओढत म्हणाला.

“आमचा आहे,” मी म्हणाले.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. आवाज कुठून आला ते त्यांना कळेना.

पलूसजवळच्या आमच्या गावी बाबांचे थोरले भाऊ, अण्णा, शेती बघतात. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण ही गोष्ट अजून त्यांच्या ध्यानात आलेली नाही. सोहमने माझ्याच फोनवरून त्यांना विचारलं, “काका, तुमची तोड तर येणार नाही ना मधेच?”

“तोड?” अण्णा हसले. “आवं, टोळीच्या मुकादमाच्या मागं फिरून माज्या चपला झिजल्या. शिमग्याशिवाय त्यो हिकडं फिरकत न्हाई. या तुमी बिनघोर.”

सोहमने फोन परत दिला आणि माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. “तुझं रान ना? मग नायिकेच्या नणंदेचं एक वाक्य आहे, ते तूच कर. करशील?”

“हं,” मी म्हणाले.

वाक्य होतं, “वहिनी, या बाहेर! गेले ते!” गुंड गेल्यावर नणंद बांधावरून हाक मारते आणि वहिनी उसातून धावत बाहेर येते. इवलंसं वाक्य, पण मधे श्वास घ्यायला जागा होती आणि शेवटी रडताही आलं असतं.

पहिल्या दिवशी मॅडम उसात पळत शिरल्या. (मॅडम म्हणजे नायिका. सेटवर त्यांना नावाने हाक मारायची पद्धत नाही.) मॅडमना उसाच्या पात्यांनी ओरखडे उठले, अंग खाजायला लागलं. “काय हे जंगल, काय ही खाज!” असं त्या चार वेळा बोलल्या. खुर्ची टाकून शूटिंग बघत बसलेल्या अण्णांनी ते चारही वेळा मनावर घेतलं. मॅडम बाहेर येण्याचा आणि माझ्या वाक्याचा सीन एक दिवस सोडून ठेवला होता, कारण मधल्या दिवशी मॅडमना सांगलीत एका साड्यांच्या दुकानाचं उद्घाटन होतं.

तो मधला दिवस मी सांगलीला घरी आरशासमोर काढला. “वहिनी, या बाहेर! गेले ते!”

“कोण गेले गं?” स्वयंपाकघरातून आई.

“कुणी नाही.”

“मग त्या बिचारीला कशाला सारखी बाहेर बोलावतेस?”

मधेच अण्णांचा फोन आला. ते काहीतरी सांगत होते. मी आरशात डोळे पाणावता येतात का ते बघत होते आणि योग्य जागी “हं” म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी युनिटच्या गाडीतून गावात शिरताना मला रस्ता चुकल्यासारखं वाटलं. परवा आमच्या बांधावरून फक्त ऊस दिसत होता. आज थेट पलीकडच्या वस्तीवरची पाण्याची टाकी दिसत होती. टाकीखाली कुणीतरी दात घासत होतं, तेही दिसत होतं.

ऊस गेला होता. बांधाला उसाने भरलेली ट्रॉली उभी होती आणि ट्रॉलीपुढे अण्णा, इस्त्रीच्या पॅंटीत, बक्षीस समारंभाला उभे असल्यासारखे.

“या, या! बगा, रान कसं मोकळं करून दिलंय. आता मॅडमास्नी खाज न्हाई का काय न्हाई.”

सोहम गाडीतून उतरला आणि दाराला धरून तसाच उभा राहिला.

“काका... ऊस?”

“आवं, मुकादम सोताहून दारात आला काल. सोताहून! आता तेला काय म्हणू, पोरीचं शूटिंग हाय, परवा ये? सगळा गाव हसला असता. आन आमी काय इचारल्याबगर केलं न्हाई. हिला फोन केल्ता. म्हणलं, तोड आलीया, तोडू का? ही म्हणली, हं.”

सगळं युनिट माझ्याकडे बघू लागलं. फ्रेममध्ये असून न दिसण्याची माझी कला नेमकी त्याच क्षणी मला सोडून गेली.

सर, म्हणजे डिरेक्टर, फार शांत आवाजात म्हणाले, “परवा ती उसात शिरली. आज ती बाहेर येणार आहे. कशातून?”

 ‘कशातून’ हा हुकूमच आहे असं समजून अण्णांनी तो स्वीकारला.

“अर्ध्या तासात ऊस उभा करतो, सर.”

त्यांनी माणसं गोळा केली. गावात सैन्यातून आलेले बरेच, त्यामुळे रांग लगेच लागली. ट्रॉलीतून ऊस उतरवायला लागल्यावर मुकादम आडवा आला. “सुबेदार, माल भरलाय. वजनाला जायाचाय.”

“जाऊ दे की. पयलं त्येला टीव्हीवर जाऊ दे.”

पहारीने भोकं पाडून पुढची ओळ जमिनीत रोवली. मागची दाटी माणसांनी हातात ऊस धरून करायची होती. पण तोडलेल्या उसाला शेंडा नसतो. हिरवी पानं, म्हणजे वाढं, जनावरांसाठी आधीच छाटलेली असतात. मग अण्णांच्या बायकोने, मालूकाकूंनी, शेजारच्या बायका जमवल्या आणि सुतळीने एकेका उसाला वाढं बांधायला बसवलं. “गजरा बांदतीयास व्हय गं? घट्ट आवळ,” काकू एकीला म्हणाल्या. “मुंडकं पडलं तर टीव्हीत दिसंल.”

कॅमेऱ्यात पाहिलं तर उसाच्या मधून पांढरे सदरे दिसत होते. काकू घरी जाऊन हिरव्या साड्या घेऊन आल्या. थोड्याच वेळात आमच्या रानात दाढीमिशांचे धिप्पाड पुरुष हिरव्या साड्या लपेटून ऊस धरून उभे होते. अण्णांच्या वाट्याला काकूंच्या डोहाळजेवणाची साडी आली होती.

“हिला जरा जपा,” काकू म्हणाल्या. “माज्या आंगाला इतकी कवा शोभली न्हवती.”

“सावधान!” अण्णांनी ऑर्डर दिली. “ऊस हालायचा न्हाई, खोकायचा न्हाई, बोलायचा न्हाई.”

“काका, थोडा हलला पाहिजे. वारा असतो ना,” सोहम म्हणाला.

“हवा चालू! बायें झुक!”

अख्खं शेत एकदम डावीकडे झुकलं.

“दायें झुक!”

सरांनी कपाळाला हात लावला. ऊन चढत होतं, डाव्या कोपऱ्यात टाकी अजून दिसत होती आणि ती झाकायला एक ऊस कमी पडत होता. सोहमची नजर माझ्यावर आली. मी मनात वाक्य म्हणत होते.

“ऐक ना. वेळ नाहीये. तुझं वाक्य राहू दे, नणंद काढूनच टाकतो सीनमधून. तू टाकीपुढे उभी राहा. दोन्ही हातांत एकेक ऊस धर. जमेल?”

“हं,” मी म्हणाले.

काकूंची उरलेली हिरवी साडी मी अंगाभोवती गुंडाळली. डोक्यावर वाढं आलं, मानेवर उसाची बारीक कूस टोचायला लागली. बाबांना रविवारी काय सांगायचं ते मी ठरवून टाकलं. बी.एड.चा अर्ज कुठे मिळतो, एवढंच विचारायचं.

“ॲक्शन!”

मॅडम उसाच्या मधोमध दडून बसल्या होत्या. कॅमेरा चालू होता. मॅडम बसूनच राहिल्या. सर हाताने ‘या, या’ करत होते, पण मॅडमचं तोंड खाली होतं आणि त्या वाट बघत होत्या. कशाची, ते एकट्या मलाच कळलं. त्या माझ्या वाक्याची वाट बघत होत्या! वाक्य काढल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात मागून दुसरंच कुणीतरी उसात शिरलं. शेजारच्या बापूंची म्हैस. दावं तोडून आली होती आणि रानात कधी नव्हे ते वाढं तोंडाच्या उंचीवर उभं होतं. तिने पहिल्या सपाट्यात बापूंच्याच उसाचा शेंडा ओढला. बापू नुसते बघत राहिले. ऊस होते ते. अण्णांची ऑर्डर होती. म्हशीने पुढचा शेंडा हेरला. तो बरोबर मॅडमच्या डोक्यावर लोंबत होता. तिची शिंगं खाली आली.

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा समोर बघत, साडीत, ताठ.

“वहिनी!” मी ओरडले. “या बाहेर!”

मॅडमनी मागे वळून पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की सगळ्या मालिकेत इतकी खरी भीती कुणी दाखवली नसेल. त्या उसातून सुसाट बाहेर आल्या. थेट कॅमेऱ्यासमोर येऊन थरथरत रडायला लागल्या. ‘गेले ते’ मात्र मी म्हटलं नाही. म्हैस अजून गेली नव्हती.

“कट,” सर म्हणाले. मग त्यांनी मॉनिटरवर तो शॉट पुन्हा पाहिला. “ओके आहे. म्हैस उसाआड झाकली गेलीय. हाक कुणी मारली?”

“उसानं, सर,” अण्णा सावधानमध्येच म्हणाले.

“हाक ठेवा. तिच्यामुळेच सीन झालाय.” ते उसाच्या जवळ आले आणि मला शोधू लागले. आधी त्यांनी बापूंकडे पाहिलं, मग अण्णांकडे, मग माझ्याकडे. “तू? इतके दिवस कुठे होतीस?”

त्यांच्या मालिकेत होते, पण हे सांगायला फार शब्द लागले असते.

“सोहम, ती नणंद परत घे. पुढच्या आठवड्यापासून. घरातल्या सीनमध्येही हिला बोलायला दे. काय गं, करशील?”

अशा वेळी मी मान डोलावते. पण मान डोलावली तर डोक्यावरचं वाढं पडलं असतं आणि अण्णांनी अजून विश्राम दिला नव्हता. “हं” म्हणायला तोंड उघडलं, तर समोर तोडलेलं रान दिसलं. माझ्या एका “हं”चं काय होतं ते आज सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हैस आता माझ्या डाव्या हातातल्या उसाकडे निघाली होती. मी श्वास घेतला आणि कुणी लिहून न दिलेलं वाक्य, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्याने बोलले.

“करीन सर, नक्की करीन, पण आधी कुणीतरी माझा ऊस धरा.”