गोड्या मसाल्याची पुडी

उज्जैनमधल्या माधव नगरच्या दुकानात आज गोड्या मसाल्याचं पाकीट हातात घेतलं. खाकी कागद, सुती दोरा, वर वाकडंतिकडं हस्ताक्षर. सवयीने नाकाशी नेलं, पण वास आला नाही. कागदाच्या आत प्लास्टिक होतं.

आईच्या पुडीचा वास जिन्यापर्यंत यायचा. ती घरी मसाला कुटायची, पुडीला दोरा बांधायची, नाव स्वतःच्या हाताने लिहायची. उज्जैनच्या मराठी बायका पुडी हुंगल्याशिवाय घेत नसत. मी डिझाइन शिकून आलो आणि म्हणालो, "किती गावठी दिसतं हे!" दिवाळीच्या तोंडावर सगळा मसाला चकचकीत पाकिटांत सीलबंद केला.

दुसऱ्या दिवशी देवास गेटहून नेहमीच्या काकू आल्या. पाकीट नाकाशी धरलं, उलटंसुलटं केलं आणि खाली ठेवलं. "वासच नाही गं. ये तो बाजार का लगता है." आई माझ्याकडे न बघता हसली. त्या दिवाळीनंतर तिने कुटणंच सोडलं.

आजच्या पाकिटावरचं अक्षर तिचंच आहे. ती गेल्यावर एका जुन्या पुडीवरून मीच ते गिरवलं आणि या मसाल्याच्या कंपनीला विकलं. तिथल्या बैठकीत मी त्याला 'अस्सल' म्हणालो होतो.