पातळ घड्याळाचे झाकण

ते प्रकरण आठवले की आजही स्वतःचाच राग येतो. मी तेव्हा मद्रासमध्ये, तिरुवल्लिकेणीच्या ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. एका बड्या व्यापाऱ्याने फिर्याद दिली, की गेल्याच वर्षी परदेशातून नवे आणलेले सोन्याचे घड्याळ घरातून चोरीला गेले. तिसऱ्या दिवशी खबऱ्या आला. गल्ली कोणती, दुकान कोणते, खण कोणता, सगळे सांगून गेला. इतकी नेमकी खबर आयती मिळते तेव्हा सावध व्हावे, एवढी अक्कल मला नव्हती.

दुकान एका म्हाताऱ्या घड्याळजींचे. माझ्यासारखेच तंजावरकडचे मराठी. आपला माणूस म्हणून सवलत मागतील, या संशयाने मी जास्तच ताठ वागलो. घड्याळ सांगितलेल्याच खणात सापडताच त्यांना भर बाजारातून बेडी घालून नेले.

"वेस्ट मांबलमच्या एका मास्तरांचं आहे, सार. त्यांनी साफ करायास दिलंय," ते म्हणाले.

शिपाई पाठवला, तर मास्तर गावाला गेलेले, घराला कुलूप. बनाव आहे, हे माझ्या मनात पक्के बसले.

"झाकण उघडून बघा, सार. आंत माझी खूण आहे."

मुद्देमालाला हात लावायचा हा डाव, असे समजून मी घड्याळ लाखेने सील केले आणि त्यांना कोठडीत टाकले. दोन दिवस त्यांचे तेच एक वाक्य. शेवटी कटकट मिटावी म्हणून मॅजिस्ट्रेटची परवानगी घेतली, पंच बोलावले.

दोन रुपये एकावर एक ठेवावेत, तेवढीच घड्याळाची जाडी. उघडायची कोणाची छाती होईना, म्हणून घड्याळजींनाच सांगितले. आतले यंत्र पापडासारखे पातळ. घालणाऱ्याची नजर जिथे कधीच पोचणार नाही, त्या चाकांच्या कडासुद्धा घासून लखलखीत केलेल्या. मी चौकशी विसरून बघत राहिलो.

दुरुस्ती केली की घड्याळजी झाकणाच्या आत सुईने आपली खूण आणि तारीख कोरतात, हे मला तेव्हा कळले. भिंगातून पाच खुणा दिसल्या. पहिली आठ वर्षांपूर्वीची.

व्यापाऱ्याला बोलावून ते झाकण समोर धरले. त्याने सगळे कबूल केले. घड्याळ दुकानात पाहून तो भुलला होता. मास्तर विकायला तयार नव्हते, म्हणून त्याने फिर्याद रचली. खबऱ्याही त्यानेच पाठवलेला.

"चूक झाली, काका," मी घड्याळजींना म्हणालो.

"तुमचं काम झालं, सार. बेडी घातली ते गल्लीनं बघितलं. सुटलों ते कोण बघणार?"

मी टोपी घातली आणि दुकानापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलो. वाटेत थांबून थांबून लोकांना सांगितले, चूक माझी होती. माणूस पुन्हापुन्हा एकच गोष्ट बघायला सांगतो, तेव्हा आधी ती बघावी, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढच्या आठवड्यात मास्तर येऊन घड्याळ घेऊन गेले. त्यांच्याखेरीज त्या महिन्यात एकही गिऱ्हाईक त्या दुकानाची पायरी चढले नाही.