दुरुस्त केलेलं वाक्य

खारघरच्या थिएटरात दुपारच्या खेळाला आम्ही जेमतेम वीस माणसं होतो. पडद्यावर आठ-नऊ वर्षांची सावळी मुलगी, दप्तर पोटाशी धरून शाळेच्या पायरीवर बसलेली. शाळा कधीच सुटली आहे. बाई विचारतात, घरी नाही जायचं? ती खाली मान घालून म्हणते, "नाय. तो हाय घरान." शेजारच्या खुर्चीतल्या काकू लेकीच्या कानाला लागल्या, "काय बोलते गं ही? जरा शुद्ध बोलायला लावायचं ना, कळेल तरी!" मी चिडून त्यांच्याकडे वळले आणि तशीच पुन्हा पडद्याकडे पाहू लागले. काकूंवर चिडायचा मला काय अधिकार होता?

घरातल्याच माणसाने नासवलेल्या बालपणाची ती गोष्ट. असे सिनेमे पूर्वीही पाहिलेत, पण त्यांतली मुलं कुठल्याही गावची असोत, रडायची मात्र पाठ्यपुस्तकातल्या मराठीत. आमच्या इथल्या मूळ गावांची बोली पडद्यावर यायची ती हसवायला. हळदीत झिंगून नाचणाऱ्या मामाच्या नाहीतर बाजारात भांडणाऱ्या मावशीच्या तोंडी. दुःख सांगण्याइतकी ती शहाणी आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. आणि मला तरी कुठे वाटलं होतं?

खांदेश्वरच्या बाजूला नव्या इमारती उठल्या तेव्हा आम्ही तिथे राहायला गेलो. शाळेत फ्लॅटमधली मुलं एकीकडे, गावातली दुसरीकडे. चौथीत माझ्या बाकावर बसायची ती गावातली. तिच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकट मी हावरटासारखी खायचे आणि माझी पोळी-भाजी तिच्याकडे सरकवायचे. बाईंनी तिचं मराठी सुधारायचं काम माझ्यावर सोपवलं आणि मला आकाश ठेंगणं झालं. ती 'पानी' म्हणाली की मी 'पाणी' म्हणायचे. ती हसून म्हणायची, "तू त मोठी बाईच झालीस!" आणि पुन्हा 'पानी'च म्हणायची. किती गोड हसायची! ते हसू अजून मला कुठे कुठे गाठतं.

एका संध्याकाळी घंटा होऊन गेली तरी ती बाकावरून उठेना. "मना घरा नाय जावाचा," म्हणाली. मी लगेच सरसावले. "मना नाही गं, मला. आणि जावाचा काय? जायचं!" ती माझ्याकडे वळली. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मला घरी जायचं नाही." एकही चूक नव्हती. मी टाळ्या वाजवल्या, शाब्बास म्हटलं आणि दप्तर उचलून घरी निघून आले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आलीच नाही. का, ते मी कॉलेजात गेल्यावर आईने सांगितलं. त्यांच्या घरात एक भाडेकरू होता. आमच्या वसाहतीत शिकवण्याही घ्यायचा. बोलणं असं स्वच्छ, ठाशीव, की कुणाला शंका यावी तरी कशी? तो खोली सोडून निघून गेला, त्याला कुणी जाब विचारला नाही. दूर पाठवलं ते तिला, उरणला मामाकडे.

सिनेमातल्या बाई मात्र त्या पायरीवर मुलीच्या शेजारी बसतात आणि तिचाच शब्द अडखळत उच्चारतात, "कोन हाय घरान?" तिथे मी ओक्साबोक्शी रडले. काकूंनी गुपचूप रुमाल पुढे केला.

मध्यंतरी एकदा मी खांदेश्वरजवळच्या तिच्या गावात जाऊन आले. बरीचशी घरं पाडून टॉवर झालेत. देवळाच्या ओट्यावर बसलेल्या एका आजीला तिचं नाव सांगितलं. "ती व्हय? उरनलाच दिली तिला. सुखी हाय म्हनतान," आजी म्हणाली. म्हणतात, एवढंच. ती खरंच सुखी असेलही, पण माझ्या मनाची तेवढ्याने समजूत पटत नाही. तिची फार आठवण येते. तिने मला माफ करावं असंही नाही. एकदा समोर बसावं, तिला हवं ते, हवं तसं बोलावं, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत मी तोंडातून अक्षर काढू नये.