मागे थांबलेला तलवारबाज आणि आबांचा लालसू

मंगा वाचणाऱ्या दोस्तांनो, आज सकाळपासून मन थाऱ्यावर नाही.

माझ्या आवडत्या सुपरहिरो मंगात, म्हणजे जपानी चित्रकथेत, एक सभ्य तलवारबाज आहे. शत्रूलाही वाकून नमस्कार करतो. बाकीचे निसटावेत म्हणून एकटा मागे थांबतो. चाहत्यांच्या आवडत्या पात्रांच्या यादीत त्याचं नाव कधीच नसतं.

माझ्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आजोबांनी, आबांनी, तो मागे थांबतो ते पान पाहिलं. "हा मागं काऊन थांबला?"

मी सांगितलं.

मग आबा बोलले. पन्नासच्या दशकात ते आलापल्लीच्या जंगलात सागवान तोडायला जायचे. एकदा वाघ समोर आला. सोबतचा लालसू कुऱ्हाड घेऊन पुढे झाला. "तुमी जा भाऊ, मी येतोच," म्हणाला. आबा पळाले. लालसू मेला.

"त्याची हाक आयकली मी. वळून नाई पाह्यलं. अन् लोकायले सांगतलं, लालसूच आधी पळाला, म्हणून वाघाले सापडला."

त्याच्या गावात तो भित्रा म्हणूनच ओळखला गेला.

आता आबा म्हणतात, "मले त्याच्या नातवाकडे नेशीन का?"

उद्या आम्ही निघतोय. सत्तर वर्षांनी त्या दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं, कोणी सांगाल?