बँडवाल्याचा हेल

बँडवाला कधी गुणगुणत नसे. परदेशातल्या मोठमोठ्या वाद्यवृंदांसाठी रचना करणारा हा माझा चुलतभाऊ, पण आंघोळीला गेला तरी आतून फक्त पाण्याचा आवाज. टेबलाशी बसून कागदावर पेन्सिलीने सुरांचे ठिपके काढायचा, खोडायचा. "ऐकू येऊन राह्यलं का काही?" असं मी विचारलं की म्हणायचा, "तू बोलायचा थांबला तर येईल."

केदारखेड्यात संगीतकार म्हटलं की पहिला प्रश्न, कोणत्या पिच्चरला? "पिच्चर न्हाई काका, मी लिहून देतो, तिकडचे लोक वाजवतात." "मंग तू काय वाजवतो?" "काहीच न्हाई." एवढं शिकून हातात वाद्य नाही, म्हणजे पोरगं वाया गेलं, असं गावाचं मत पडलं. वरातीपलीकडचं वाजवणं कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून नाव पडलं बँडवाला. त्यालाही ते आवडे. जर्मनीहून फोन आला की पहिलं वाक्य तेच, "बँडवाला बोलून राह्यलो."

त्याचं नाव झालं ते एका रचनेमुळे. आमच्याकडे मयताला बाया हेल काढून रडतात, गेलेल्या माणसाचा सगळा जन्म सुरात सांगतात. तो लहान असताना त्याची आई गेली, तेव्हा आमच्या आत्याने असा हेल काढला होता. चाल त्याच्या डोक्यात राहिली, शब्द गेले. ती चाल त्याने तिकडच्या व्हायोलिनांना आणि गायकांना दिली, शब्दांच्या जागी नुसता आ. किती तरी देशांत लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. हा मला म्हणायचा, "टाळ्या कशाच्या? अर्धीच आहे ती."

शब्दांसाठी तो मुद्दाम आला. आम्ही जीपने जाफराबादला आत्याकडे गेलो. "आत्या, आईच्या वक्ताला काय म्हणली होतीस, तेवढं म्हण." आत्या भडकलीच. "जित्या घरात हेल काढू? बिलकुल न्हाई! कोणासाठी काढू, तुझ्यासाठी?" आणि अपशकुन नको म्हणून तिने त्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. "मंग नुसतं सांग, गाऊ नको." "ते सांगून येत न्हाई रे लेकरा. रडू आलं की येतं." परतताना तो म्हणाला, "तिकडचे वादक इचारतात, किती वेळ रडायचं. इथं इचारतात, कोणासाठी. दोघांचंबी बराबर आहे." हसला खरा, पण त्याला फार लागलं होतं.

गेल्या हिवाळ्यात तो तिकडेच झोपेत गेला. अंत्यविधीही तिकडेच झाले. फोन ठेवून मी ऑफिसला गेलो, डबा खाल्ला, सह्या केल्या. मला काहीच वाटत नव्हतं. अजूनही वाटत नाही, आणि त्याचीच भीती वाटते.

तिसऱ्या दिवशी आत्या केदारखेड्याला आली. जीपमधून उतरता उतरताच तिने हेल काढला. वहिनी गं, तुझं लेकरू आलं गं तुझ्याकडं. मग त्याचं विहिरीत पोहणं, त्याचा ताप, त्याची दहावी. बॅग घेऊन जालन्याच्या गाडीत बसला, इथवर आली नि थांबली. पुन्हा तीच ओळ घेतली, पुन्हा तिथेच अडली.

"म्होरचं मला म्हाईत न्हाई रे," ती साध्या आवाजात मला म्हणाली. "तू सांग. म्हंजे रडता येईल."

मी तिच्याजवळ बसलो. तो जिथे राहिला, जिथे त्याचं वाजलं, त्या एकेका शहराचं नाव कोरड्या आवाजात सांगत गेलो, आणि आत्या ते नाव जिभेला जमेल तसं हेलात घेत, रडत गेली.