तलावात पडलेल्या छत्र्या

लढाईच्या दिवसांत, त्रेचाळीस सालच्या हिवाळ्यात, लोणावळ्याजवळच्या एका तलावावर लष्कराचा तंबू पडला. विमानातून हवाई छत्रीला बांधलेल्या पत्र्याच्या पेट्या पाण्यात टाकायच्या, बाहेर काढायच्या आणि आत पाणी शिरलं का ते बघायचं, असं ते काम. वजनासाठी पेटीत वाळू असे, वर टीपकागद. कागदाला ओल दिसली की पेटी नापास.

बुडालेल्या पेटीला दोर बांधायला आंदर मावळातल्या नवशाला आणि त्याच्या धाकट्या भावाला, सावळ्याला घेतलं होतं. दोघं डोहात मासे धरत वाढलेले.

एका सकाळी नवशा खाली असताना छत्रीचं ओलं कापड त्याच्या अंगावर पसरलं. वर जावं तर कापडच, पायांत दोऱ्या. कसाबसा सुटून तो काठावर आला. शेकोटीपाशी बसल्यावर त्यानं सावळ्याला बजावलं, "छत्री काढल्याबिगर खाली जायचं न्हाई."

मुकादम हौशीरामनं हे तंबूवरच्या लष्करी साहेबाला सांगितलं. पण छत्री आधी ओढली तर पेटी हलते आणि तपासणी खोटी ठरते, असं साहेबाचं म्हणणं पडलं.

दुसऱ्या दिवशी नवशा खोपटात तापानं फणफणला होता, म्हणून सावळा एकटाच कामावर गेला. डोक्यावरून विमान गेलं. बराच वेळ झाला तरी सावळा परतला नाही, तेव्हा तो उठून तलावाकडे निघाला.

काठावर सगळे उभे होते. पाण्यात गेलेला दोर सैल पडला होता.

नवशानं बुडी मारली. पेटीला गाठ नीट बसली होती. शेजारीच कापडात गुंडाळलेला सावळा होता. मग सगळ्यांनी दोर ओढला. पेटी, छत्री आणि सावळा एकदमच वर आले.

तंबूत पेटी उघडली. टीपकागद कोरडा होता. साहेबानं तो बोटांनी चाचपला, मग टोपी काढली.

भावाला माती देऊन तिसऱ्या दिवशी नवशा तलावावर परतला, तर विमान पुन्हा घिरट्या घालत होतं. परंदवडीचा नथू नावाचा नवा गडी कमरेइतक्या पाण्यात उतरला होता. नवशा सरळ पाण्यात शिरला आणि त्यानं नथूचा हात धरला.

"घरी जा," तो म्हणाला. "माझा भाऊ हितंच गेला."

शिपायांनी नवशाला ओढून काढलं, पाठीत काठ्या घातल्या. पण नथू पाण्यात गेला नाही, आणि त्यानंतर आसपासच्या गावांतून कुणीच कामाला आलं नाही. थोड्या दिवसांनी तंबू हलला.

तळाशी राहिलेल्या पेट्या मात्र कुणी काढल्या नाहीत.